चित्रांतली ‘कादंबरी’

मुलाच्या हाती चित्रकथा दिसली की ती काढून घ्यावी, असे पुष्कळ पालकांस वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. कार्कळचे, आमच्याप्रमाणेच कोंकणीभाषक असलेले अनंत पै यांनी १९६७ साली ‘अमर चित्रकथा’ सुरू केली. तीत शकुंतला आली, नलदमयंती आली आणि बाणभट्टाची ‘कादंबरी’ही आली. सातव्या शतकातील या प्रेमकथेचे नाव मराठीने एका साऱ्या वाङ्मयप्रकारास दिले. आणि तिचा नायक चंद्रापीड तर आपल्याच माळव्यातील उज्जयिनीचा राजपुत्र! परंतु बाणाची काही वाक्ये पानभर चालतात. मूळ ग्रंथ उघडण्याचे धैर्य किती पदवीधरांस होते? चित्रांतून तीच कथा आठवीतला मुलगा अर्ध्या तासात रंगून वाचतो. हा आनंद खरा आहे. त्याची लाज कशाला?

हरवते ती भाषा. बाणाने उज्जयिनीच्या वर्णनात केलेली शब्दांची उधळण एका चौकटीत कशी मावावी? तिथे चित्रकाराने राजवाडा रेखाटला की काम भागते. म्हणून चित्रकथा वाचलेल्या मुलांना आम्ही मुळातील त्याच नगरीचा एक उतारा अर्थासह वाचून दाखवतो. चंद्रापीड आधीच ओळखीचा झालेला असल्यामुळे ती लांबलचक समासांना तितकीशी भीत नाहीत.