नकाशाला मराठी साचा हवा

झेरॉक्सच्या दुकानात नकाशा खोटे बोलू लागतो.

समजा, विकास आराखड्याचा एक भाग ए-थ्री कागदावर छापला आहे आणि तळाशी लिहिले आहे, ‘प्रमाण १:५,०००’. म्हणजे कागदावरचा एक सेंटीमीटर जमिनीवरच्या ५० मीटरएवढा. हरकत नोंदवायला निघालेला नागरिक त्याची ए-फोरवर नक्कल काढून घेतो. नकाशा सुमारे ७१ टक्क्यांवर आक्रसतो, तळाचा आकडा मात्र तसाच राहतो. मूळ कागदावर नदीपासून दोन सेंटीमीटरवर, म्हणजे १०० मीटरवर असलेले घर नकलेवर पट्टी ठेवून मोजले की जेमतेम ७० मीटरवर येते. फसवणूक कुणीच केलेली नसते. पण घर पूररेषेच्या आत की बाहेर, असा वाद असेल तर हे तीस मीटर फार महाग पडतात.

आकड्याच्या जोडीला रेषाप्रमाण, म्हणजे मोजपट्टीसारखी आखलेली रेघ असती, तर ती नकाशाबरोबरच आक्रसली असती आणि हिशेब बरोबर आला असता. शाळेच्या भूगोलात हे शिकवतात. नकाशा तयार करणाऱ्यालाही ते ठाऊक असते. तरी ती रेघ राहून जाते, कारण नकाशा बहुतेक वेळा घाईत, कोऱ्या पानावर आणि ज्याच्या त्याच्या सवयीने मांडला जातो. या घाईवरचा उपाय संगणकात केव्हाचा येऊन बसला आहे. त्याला टेम्प्लेट म्हणतात, मराठीत साचा.

ही कल्पना संगणकापेक्षा कितीतरी जुनी आहे. १७६७ पासून चालत आलेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलनिर्देशक नकाशे पाहावेत. पुणे शहराचा मोठा भाग ‘४७ एफ/१४’ या क्रमांकाच्या पत्रकात येतो. अक्षांश-रेखांशाची पंधरा-पंधरा मिनिटे, दोन सेंटीमीटरला एक किलोमीटर, समोच्च रेषा तपकिरी, पाणी निळे. समासात प्रमाण आकड्यांतही आणि रेषेतही, चुंबकीय उत्तरेची नोंद, शेजारच्या पत्रकांचे क्रमांक, सर्वेक्षणाचे आणि आवृत्तीचे साल. पुण्याचे पत्रक वाचायला शिकलेल्या माणसाला मिझोरामचे पत्रक वाचताना काही नव्याने शिकावे लागत नाही. देशभरच्या हजारो पत्रकांना एकच चौकट आहे, हे त्याचे कारण.

संगणकावर ही चौकट फाईल होऊन येते. २००२ मध्ये गॅरी शर्मन यांनी सुरू केलेले क्यूजीआयएस हे मुक्त सॉफ्टवेअर कुणालाही फुकट उतरवून घेता येते. त्यात पानाची मांडणी एकदा नीट बसवली, की ती ‘क्यूपीटी’ फाईल म्हणून साठवता येते आणि दुसऱ्या संगणकावर उघडता येते. आर्कजीआयएस प्रो या विकतच्या सॉफ्टवेअरमध्येही मांडणी अशीच वेगळ्या फाईलमध्ये ठेवण्याची सोय आहे. नकाशाची जागा, शीर्षक, सूची, प्रमाण, उत्तर दिशेचा बाण, बोधचिन्ह असा सगळा सांगाडा तयार मिळतो. आत नकाशा फक्त बदलायचा.

खरी गंमत पुढे आहे. क्यूजीआयएसमध्ये ‘ॲटलास’ नावाची सोय आहे. गावांच्या हद्दींचा थर तिच्याशी जोडला, की एकाच साच्यातून प्रत्येक गावाचे वेगळे पान तयार होते. शीर्षकातले गावाचे नाव आपोआप बदलते, नकाशा त्या गावावर सरकतो. सूचीला सांगून ठेवता येते की या पानावर जे दिसते आहे तेवढेच दाखव. मग ज्या गावात कालवा नाही त्या गावाच्या सूचीत कालवा येत नाही. राज्यातल्या ३५८ तालुक्यांचे ३५८ नकाशे एका धाटणीचे काढायला ३५८ वेळा मांडणी करावी लागत नाही. मांडणीचे डोके एकदाच चालवायचे, पण तेव्हा पुरते चालवायचे.

कारण साचा चूकही तितक्याच इमानाने छापतो.

तारखेचेच घ्या. साच्यात आजची तारीख आपोआप उमटावी अशी सोय करता येते आणि ती हमखास केली जाते. परिणाम असा, की सात वर्षांपूर्वीच्या मोजणीवर बेतलेला नकाशा काल छापला तर त्यावर कालची तारीख येते. वाचणाऱ्याला वाटते, माहिती ताजी आहे. कोल्हापूर-सांगलीने २०१९ आणि २०२१ असे लागोपाठ दोन महापूर पाहिले. तिथल्या पूररेषेच्या नकाशावर ही माहिती कधीची आहे, हा पहिला प्रश्न असतो. म्हणून साच्यात तारखेच्या जागा दोन हव्यात: माहिती कधीची आणि छपाई कधीची. पहिली तारीख माणसानेच भरली पाहिजे.

रंगांचेही तसेच. आपल्याकडे निळी पूररेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानतात. बांधकामाचे निर्बंध या दोन रेषांवर ठरतात. पडद्यावर त्या छान वेगळ्या दिसतात. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये दोन्ही सारख्याच करड्या होतात आणि कोणती कोणती, हे सांगायला पुन्हा कार्यालयाचे उंबरे झिजवावे लागतात. एक रेषा सलग आणि दुसरी तुटक ठेवली, की प्रश्न मिटतो. हा बदल करायला दोन मिनिटे लागतात.

सूचीची कथा आणखी केविलवाणी आहे. संगणकात थराला जे नाव असेल तेच सूचीत जसेच्या तसे येते. त्यामुळे ‘रोड_फायनल_न्यू_२’ असली अक्षरे थेट जनतेसमोर जातात. सूचीचे आपोआप अद्ययावत होणे बंद केले, की तिथे ‘प्रस्तावित रस्ता, रुंदी १८ मीटर’ असे शुद्ध मराठीत लिहिता येते. मूळ थराच्या नावाला हात लावावा लागत नाही.

मराठीचा प्रश्न इथेच संपत नाही. तयार मिळणारे बहुतेक साचे रोमन लिपीच्या मापाने बेतलेले असतात. ओळींमधले अंतर कमी ठेवलेले असते, म्हणून वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये लिहिलेले शीर्षक दुसऱ्या संगणकावर उघडले की अक्षरांचा काला होतो. प्रमाणपट्टीवरचे ‘केएम’ काढून ‘किमी’ लिहिता येते, तारखेतला महिना मराठीत आणता येतो, आकडे देवनागरीत बदलणारे छोटे सूत्रही लिहिता येते. पण प्रत्येक कार्यालयातल्या प्रत्येक ऑपरेटरने हे स्वतंत्रपणे शोधून काढावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. एकाने नीट करावे आणि बाकीच्यांनी वापरावे, यासाठीच तर साचा असतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. आतली माहितीच चुकीची असेल तर चौकट सुबक करून काय उपयोग? मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा २०१५ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला, त्यातल्या चुकांवरून गदारोळ उठला आणि एप्रिलमध्ये तो बाजूला ठेवून दुरुस्तीला पाठवावा लागला. सुधारित आराखडा लागू व्हायला सप्टेंबर २०१८ उजाडले. तिथला दोष चौकटीचा नव्हता. मात्र त्या चुका हाती लागल्या त्या लोकांनी आपापली गल्ली, आपापली इमारत नकाशावर शोधली म्हणून. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ लोकांना हरकती-सूचनांचा हक्क देतो तो याच भरवशावर. ज्याला नकाशा वाचता येत नाही, त्याचा हा हक्क कागदावरच राहतो.

आपत्तीच्या कामात हे केव्हाच पटलेले आहे. मॅपॲक्शन ही ब्रिटनमधली स्वयंसेवी संस्था आपत्तीच्या जागी जाऊन मदतपथकांसाठी नकाशे काढते. २०१५ च्या भूकंपानंतर ती नेपाळमध्येही उतरली होती. तिचे स्वयंसेवक ठरलेले साचे बरोबर घेऊनच निघतात. रस्ते खचलेले, वीज गेलेली, अशा वेळी शीर्षक डावीकडे घ्यावे की उजवीकडे, यावर विचार करायला कुणाला सवड असते?

महाराष्ट्रात हे काम करू शकणाऱ्या संस्था आहेत. नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे, पुण्यात भूमी अभिलेख विभागाचे आणि नगररचना विभागाचे मुख्यालय आहे. मोजणीनंतर हाती पडणारी ‘क’ प्रत शेतकरी लांबूनही ओळखतो, कारण तिचे रूप ठरलेले आहे. तशीच ओळख लोकांसमोर येणाऱ्या प्रत्येक सरकारी नकाशाला मिळायला हवी. त्यासाठी या विभागांनी मिळून ए-फोर आणि ए-थ्री अशा दोन आकारांचे मराठी साचे करावेत, क्यूजीआयएसच्या फाईलसह संकेतस्थळावर खुले ठेवावेत आणि त्यांत सहा गोष्टी कुलूपबंद कराव्यात: रेषाप्रमाण, उत्तर दिशा, मराठी सूची, माहितीचा स्रोत, माहितीची तारीख आणि नकाशा करणाऱ्या कार्यालयाचे नाव. बाकी शीर्षकाचा रंग, बोधचिन्हाची जागा, समासातली नक्षी ज्याने त्याने हवी तशी बदलावी. गावाचा नकाशा आणि शहराचा नकाशा एकाच मापाने बसणार नाही, एवढी मोकळीक साच्यात असलीच पाहिजे.

खर्च म्हणाल तर सॉफ्टवेअर फुकट आहे आणि काम काही आठवड्यांचे आहे.

तोवर वाचकांना एक सुचवावेसे वाटते. पुढच्या वेळी गावाचा किंवा प्रभागाचा नकाशा हरकतींसाठी लागला, की आपला प्लॉट शोधण्याआधी नकाशाचा तळ पाहावा. रेषाप्रमाण नसेल, माहितीची तारीख नसेल, तर पहिली हरकत त्याचीच लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.