उमेदवारी : लेखणीची आणि लोखंडाची

'उमेदवार' हा शब्द आज कानी पडला की डोळ्यांपुढे निवडणूक उभी राहते. माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घराण्यांत मात्र या शब्दाचा अर्थ निराळा होता. 'उमेद' म्हणजे आशा. आशेवर काम करतो तो उमेदवार. संस्थानी काळी कचेरीत जागा रिकामी होईपर्यंत घरातील तरुण मुलगा जुन्या कारकुनाच्या शेजारी बसून नकला करी, दप्तर लावी, हिशेबाची रीत शिके. पदरी दमडी पडत नसे. तरीही 'चिरंजीव कचेरीत उमेदवारी करतात' हे वाक्य सोयरिकीच्या बैठकीत अभिमानाने उच्चारले जाई.

ती कचेरी गेली. धारचे संस्थान गेले, देवासची थोरली आणि धाकटी पातीही गेली. उमेदवारी मात्र उरली आहे. ती आता देवासच्या औद्योगिक वसाहतीत आणि धार जिल्ह्यातील पीथमपूरच्या कारखान्यांत चालते. १९६१ साली संसदेने संमत केलेला आणि १ मार्च १९६२ पासून अमलात आलेला शिकाऊ उमेदवारांचा कायदा तिच्यामागे आहे. या उमेदवारीत शिकणाऱ्याला दरमहा पैसे मिळतात. त्या पैशाला मराठीत 'विद्यावेतन' असे सुरेख नाव आहे. पूर्वी विद्या घेणारा दक्षिणा देई. येथे विद्या घेणाऱ्यालाच वेतन मिळते. असे असूनही 'मुलगा फिटरचे काम शिकतो' हे सांगताना आपल्या घरांतील आवाज खाली येतो. बिनपगारी लेखणीचा अभिमान आणि पगारी लोखंडाचा संकोच, हे कोडे आम्हांला दरवर्षी दहावीच्या निकालानंतर भेटीस येणाऱ्या पालकांच्या चेहऱ्यांवर दिसते.

वस्तुतः धारच्या रहिवाशाने तरी लोखंडाला कमी लेखू नये. लाट मशिदीला ज्या लाटेवरून नाव पडले, तो लोहस्तंभ तेथे तीन तुकड्यांत आहे. तिन्हींची लांबी मिळून १३ मीटरांहून अधिक भरते. दिल्लीचा जगप्रसिद्ध स्तंभ सुमारे ७ मीटरांचा. तापविलेल्या लोखंडाचे गोळे घणाखाली एकमेकांत सांधून हा स्तंभ घडविला गेला. परंपरा त्याचे नाते भोजराजाशी जोडते. भोजाच्या पदरच्या पंडितांच्या कथा आपण मुलांना सांगतो. ज्यांनी हे लोखंड सांधले त्यांपैकी एकाचेही नाव आपणांस ठाऊक नाही. एवढे कसब पोथी वाचून येत नाही. कोणा जाणत्याच्या भट्टीपाशी त्यांनीही वर्षानुवर्षे उमेदवारी केली असली पाहिजे.

आजच्या उमेदवारीचा आरंभही तसाच कष्टाचा आहे. फिटरचे काम शिकणाऱ्याच्या हाती प्रथम यंत्र येत नाही, कानस येते. लोखंडाचा ओबडधोबड तुकडा पकडीत आवळावयाचा आणि त्याची बाजू घासून सपाट करावयाची. मग तिला गुण्या लावून उजेडाकडे धरावयाचे. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासावयाचे. तळहाताला फोड येतात, खांदे भरून येतात आणि मिलिमीटरच्या अंशासाठी दिवस जातो. वेल्डिंग शिकणाऱ्याने काळ्या काचेआडून वितळत्या धातूचा ओघ ओळखावयाचा. ओतशाळेतील मुलाने वाळू मुठीत दाबून तिची ओल जोखावयाची. रजबअली खाँसाहेब आणि कुमार गंधर्व यांच्या देवासला रियाझ म्हणजे काय हे आम्ही सांगावयास नको. एकच स्वर पुनःपुन्हा लावणे आणि एकच कड पुनःपुन्हा घासणे, यांत आम्हांला तरी जातीचा भेद दिसत नाही.

पांढरपेशा घरातून लोखंडाकडे वळणाऱ्यांचे उदाहरणही आपल्यात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या तंत्रशाळेत शिक्षक होते. ती नोकरी सोडून त्यांनी बेळगावी सायकलींचे दुकान काढले, पुढे लोखंडी नांगर केला आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडाने जमीन नासेल या समजुतीने शेतकरी आरंभी तो नांगर घेईनात. तो समज ओसरला. त्याच किर्लोस्करांच्या पंपांचा कारखाना देवासला उभा राहिला. लोखंडाने घराण्याचे नाव नासते, हा आपला समज मात्र अद्याप पुरता ओसरलेला नाही.

आता व्यवहाराचे बोलू. पालकांनी तीन गोष्टी डोळसपणे पाहाव्यात. पहिली, करारपत्र. मुलगा अज्ञान असेल तर पालकाची सही लागते. ती वाचून करावी आणि कराराची रीतसर नोंदणी झाली की नाही ते विचारावे. दुसरी, विद्यावेतन. २०१९ च्या नियमांनी त्याची किमान रक्कम शिक्षणानुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये अशी ठरविली. २०१६ च्या प्रोत्साहन योजनेने त्यातील चौथा हिस्सा, १,५०० रुपयांच्या मर्यादेपर्यंत, सरकारने उचलला. आपल्या मुलाच्या करारात कोणता आकडा लिहिला आहे तो पाहावा. तिसरी, प्रशिक्षण. मुदतीअखेर परीक्षा आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र आहे ना, याची खात्री करावी. काम करताना इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर आहे, हेही ठाऊक असावे.

या वाटेवर काटे नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. कोठे कोठे शिकाऊ मुलांना स्वस्त मजूर समजून झाडलोट आणि ओझी यांतच त्यांची मुदत संपविली जाते. शिवाय उमेदवारी संपली म्हणजे त्याच कारखान्यात नोकरी मिळालीच पाहिजे, असे कायदा म्हणत नाही. इतर गुण समान असतील तर प्रशिक्षित उमेदवाराला नवख्यापेक्षा अग्रक्रम मिळावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली एका सरकारी परिवहन महामंडळाच्या खटल्यात सांगितले. परंतु अग्रक्रम म्हणजे हमी नव्हे. तेव्हा मुलाने आशा जागेवर ठेवू नये, हातावर ठेवावी. कचेरीतील उमेदवाराचे शिक्षण बहुधा त्या एका कचेरीपुरतेच असे. कानस, वेल्डिंग आणि मोजमाप शिकलेला हात देवासला चालतो, पुण्याला चालतो आणि स्वतःच्या लहानशा दुकानातही चालतो.

प्रत्येक मुलाने कारखान्याची वाट धरावी, असा आमचा आग्रह नाही. ज्याचे मन ग्रंथांत रमते त्याने ग्रंथांत रमावे. परंतु ज्याचे हात स्वस्थ बसत नाहीत, जो घरची सायकल उघडून पुन्हा जोडतो, त्याला केवळ समाजात नाव सांगता यावे म्हणून नावडत्या पदवीच्या वर्गात तीन वर्षे बसविणे, हा त्याच्यावर अन्याय आहे. मुलींविषयीही आमचे हेच म्हणणे. कायद्याने हे दार त्यांना बंद केलेले नाही.

गणेशोत्सवात आपण दहावी-बारावीच्या गुणवंतांना श्रीफळ देतो. यंदाच्या यादीत उमेदवारीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींची नावेही घालावीत, अशी कार्यकारी मंडळांना आमची विनंती आहे. एक श्रीफळ वाढेल इतकेच. पण त्या घरातील आईला आपल्या मुलाचे काम पुढच्या वेळी मोकळ्या आवाजात सांगता येईल.