दहा हजार फुटांवर पायलटला ऑक्सिजन, आपल्याला फावडं

डोंगरातली हवा छातीला चांगली, असं सांगून कोणी तुम्हाला कोलोरॅडोच्या कामावर पाठवत असेल, तर आधी एकच विचारा: किती फुटांवर? पगार किती, खोली कशी, जेवण कापून घेणार का, हे सगळं आपण विचारतो. उंची कोणी विचारत नाही. ज्याला टीबी होऊन गेलाय, ज्याला दमा आहे, ज्याची छाती दगडाच्या नाहीतर कापसाच्या धुळीनं भरलीय, त्याच्यासाठी हा आकडा पगाराइतकाच महत्त्वाचा आहे. एजंटला तो माहीत असतो. तो सांगत नाही, कारण सांगितलं तर तुम्ही विचार कराल.

आपणही फसतो, कारण हवापालटाची गोष्ट लहानपणापासून ऐकलेली असते. क्षयाचे रोगी पाचगणीला जायचे, तसेच अमेरिकेतले डेन्व्हरला जायचे. १८९९ साली डेन्व्हरला नॅशनल ज्यूइश हॉस्पिटल उघडलं ते गरीब क्षयरोग्यांना फुकट उपचार देण्यासाठी. पूर्वेकडच्या शहरांत दाटीवाटीनं राहून, कोंदट कारखान्यांत राबून छाती गमावलेले परदेशी कामगार तिथे यायचे. पण पुढचं कोणी सांगत नाही. ते रोगी तिथे खाटेवर पडून असायचे, दूध-अंडी खायचे, विश्रांती घ्यायचे. औषध निघालं नव्हतं म्हणून हवेवर भिस्त होती. त्यांच्या हातात कोणी फावडं दिलं नव्हतं.

आणि उंचीचा हिशोब करा. पाचगणी सव्वाचार हजार फूट. आपलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, ५,४०० फूट. डेन्व्हर शहरच ५,२८० फुटांवर आहे, म्हणजे विमानातून उतरलात की जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर उभे. काम मात्र डेन्व्हरला नसतंच. गाडी तिथून पुढे चढते. व्हेल ८,१५० फूट, ब्रेकनरिज ९,६००, लेडव्हिल १०,१५०. ट्रक चालवणाऱ्यांना आयसेनहॉवर बोगदा ठाऊक असेल, तो ११,००० फुटांच्या वर आहे.

तिथल्या हवेत ऑक्सिजन किती? मुंबईत २१ टक्के, लेडव्हिललाही २१ टक्के. टक्का तोच, पण हवाच विरळ. दाब समुद्रकाठच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे तेवढाच श्वास घेतला तरी आत जाणारा ऑक्सिजन जवळपास एक तृतीयांश कमी. धडधाकट माणूस ही तूट भरून काढतो. तो जोरात श्वास घेतो, काळीज जास्त धावतं, काही आठवड्यांत रक्तातल्या लाल पेशी वाढतात. खराब फुफ्फुसाच्या माणसानं ही शिल्लक खालीच, जिना चढताना खर्च केलेली असते. वर गेल्यावर काढायचं कुठून?

आता कायदा बघा. अमेरिकेतलं कामगार सुरक्षेचं खातं म्हणजे ओशा. त्यांच्या नियमात ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली गेला तर ती जागा धोक्याची. डोंगरावर टक्का कधी खाली जातच नाही. म्हणजे कागदावर हवा पूर्ण आहे, तुम्हाला धाप लागली तर तो तुमचा दोष. त्याच नियमात उंचीचा एक तक्ताही आहे, पण तो ऑक्सिजन कमी झालेल्या टाक्या-भुयारांसारख्या जागांसाठी. उघड्या डोंगरावर बर्फ उपसणाऱ्यासाठी नाही.

उंचीचा धोका सरकारला कळत नाही असंही नाही. विमानाच्या केबिनमधली हवा नेहमीच्या उड्डाणात ८,००० फुटांवरच्या हवेपेक्षा विरळ होऊ द्यायची नाही, असा अमेरिकेचा नियम आहे. प्रवासी विमानाच्या केबिनमधली हवा १०,००० फुटांच्या वर गेली आणि अर्ध्या तासाहून जास्त तशीच राहिली, तर पायलटनं ऑक्सिजन लावलाच पाहिजे. पायलट बसलेला असतो, निरोगी असतो, ठरलेल्या मुदतीनं त्याची डॉक्टरी तपासणी होते. त्याला अर्धा तास. लेडव्हिलला छपरावर कौलं चढवणाऱ्याला दहा तासांची पाळी, आणि रात्री झोपही त्याच हवेत.

कोणी म्हणेल, तो नियम पायलटचं डोकं गुंगू नये म्हणून आहे, मागे प्रवासी बसलेत. मान्य. मग त्याच उंचीवरून उतारावर चाळीस टनी ट्रक काढणाऱ्याचं डोकं गुंगलं तर चालतं का? शिडीवर उभा असलेल्याचं? रिसॉर्टच्या गावात पर्यटकांसाठी दुकानात डब्यात भरलेला ऑक्सिजन विकायला ठेवतात. त्यांच्या खोल्या साफ करणाऱ्या बाईला जिने चढताना दम लागला, तर मुकादम म्हणतो, सवय होईल.

या ‘सवय होईल’चा मला फार राग आहे. सवय निरोगी फुफ्फुसाला होते. २०१२ साली अमेरिकेतल्या काउंट्यांमधल्या मृत्यूंचे आकडे उंचीशी ताडून पाहिले गेले. उंचावर हृदयविकाराचे मृत्यू कमी निघाले, पण फुफ्फुसाच्या जुनाट आजाराचे जास्त. वर राहून राहून ज्यांना सवय झाली असायला हवी, त्यांची ही गत. मग समुद्रसपाटीवरून आलेल्या माणसाला आठवडाभरात कसली सवय होणार?

आपली छाती इथे येण्याआधीच कुठे कुठे वापरली गेलीय, हेही बोलू. वाघोलीच्या खाणी, इचलकरंजी-भिवंडीचे माग, आईच्या मांडीवर बसून गिळलेला चुलीचा धूर. कित्येक बायांनी आयुष्यात विडी ओढली नाही तरी त्यांची फुफ्फुसं ओढणाऱ्यासारखी असतात. टीबीचा कोर्स पुरा झाला, बरा झालात, तरी आत व्रण राहतात. काहींची छाती तर अमेरिकेतच गेली. कॅलिफोर्नियात किचनच्या ओट्यासाठी कृत्रिम दगड कापणाऱ्या ५२ जणांची नोंद डॉक्टरांनी २०२३ मध्ये छापली. जवळजवळ सगळे लॅटिन अमेरिकेतून आलेले, निम्मे ४५ वर्षांच्या आतले. सगळ्यांना सिलिकोसिस, दहा जण तोवर गेलेले. त्या वर्षाअखेर कॅलिफोर्नियानं तातडीचे नियम आणले. ऑस्ट्रेलियानं जुलै २०२४ पासून तो दगडच बंद केला. असं काम केलेला माणूस उद्या डोंगरातल्या बंगल्यांचे ओटे बसवायला वर पाठवला जातो, आणि त्याला कोणी विचारत नाही.

अमेरिकेत कायमचं राहायला येणाऱ्यांचा छातीचा फोटो काढतात ना? काढतात, १५ वर्षांच्या पुढच्या सगळ्यांचा. पण तो तुमचा टीबी इतरांना लागेल का, हे बघायला. तुमची फुफ्फुसं दहा हजार फुटांवर टिकतील का, हे त्या फोटोला कोणी विचारलेलं नसतं. व्हिसा मिळाला म्हणजे छाती ठीक, असं समजू नका.

आपणही आजार लपवतो. पंप मोज्यात दडवून ठेवतो. याला मी मूर्खपणा म्हणणार नाही. व्हिसा मालकाच्या नावाला बांधलेला असेल, गावाकडे कर्ज असेल, तर भीती खरी आहे. पण मालकापासून लपवणं वेगळं आणि डॉक्टरपासून लपवणं वेगळं. जायच्या आधी डॉक्टरला सरळ सांगा: अमुक फुटांवर अंगमेहनतीचं काम आहे, एवढे महिने. फुंकायची तपासणी म्हणजे स्पायरोमेट्री करून घ्या. बोटाला लावायच्या यंत्रावर बसून किती येतं आणि सहा मिनिटं चालल्यावर किती येतं, दोन्ही आकडे मागा. कमी ऑक्सिजनची हवा देऊन करतात ती उंचीची चाचणीही मोठ्या दवाखान्यांत होते. फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढलेला असेल किंवा छातीत पूर्वी हवा भरली असेल, तर डॉक्टरनं स्पष्ट हो म्हटल्याशिवाय गाडीत बसू नका. पंप आणि गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा. स्वतःचं ऑक्सिजनचं नळकांडं विमानात नेता येत नाही. बॅटरीवर चालणारं मान्यताप्राप्त यंत्र चालतं, पण बॅटरी प्रवासाच्या दीडपट वेळ पुरेल एवढी ठेवावी लागू शकते, म्हणून विमान कंपनीला आधी विचारा.

मालकाकडे काय मागायचं? कामाच्या आणि झोपायच्या जागेची उंची करारात लिहून. वर नेण्याआधी डेन्व्हरला मुक्काम. सखल भागातून आलेल्यानं एका दिवसात ९,००० फुटांच्या वर झोपायला जाऊ नये, हा सल्ला अमेरिकेचीच आरोग्यसंस्था सीडीसी पर्यटकांना देते. ठेकेदार विमानतळावरून उचलतो आणि त्याच संध्याकाळी ब्रेकनरिजला टाकतो. तो मुक्काम पगारी हवा, आपल्या खर्चानं नाही.

कायदा उंचीबद्दल मुका असला तरी सगळीकडे मुका नाही. १५ किंवा जास्त कामगार असलेला मालक नोकरी देऊ करण्याआधी तुम्हाला आजाराबद्दल विचारू शकत नाही. काम सुरू झाल्यावर आजारामुळे जमत नसेल, तर खालच्या जागेवर बदली किंवा हलकं काम मागता येतं. मालकाला ते झेपण्यासारखं असेल तर द्यावं लागतं, तुमचा व्हिसा कुठलाही असो. सिलिकाच्या धुळीत ठराविक प्रमाणापेक्षा जास्त काम केलं असेल, तर छातीचा फोटो आणि फुंकायची तपासणी मालकाच्या खर्चानं, आणि सविस्तर अहवाल तुमच्या हातात येतो, त्याच्या नाही. कोलोरॅडोत दर ३० तासांच्या कामामागे एक तास पगारी आजारी रजा जमा होते, वर्षाला ४८ तासांपर्यंत.

वर असताना बसल्याजागी धाप लागली, ओठ निळे पडले, खोकल्यात गुलाबी फेस आला किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर सकाळची वाट बघू नका, मुकादमाला विचारत बसू नका. ९११ फिरवा. लवकरात लवकर खाली उतरवणं हाच यावरचा मोठा उपचार आहे. खिशात पैसे नसले, विमा नसला, तरी इमर्जन्सीत तपासून जीव स्थिर केल्याशिवाय हॉस्पिटलला परत पाठवता येत नाही, हा १९८६ पासूनचा कायदा आहे. बिल नंतर येईल, त्याचं नंतर बघू.

तब्येतीच्या धोक्याची तक्रार केली म्हणून कामावरून काढलं, तर ओशाकडे दाद मागायला फक्त ३० दिवस मिळतात. नंबर १-८००-३२१-६७४२. इंग्रजी येत नसेल तर फोन उचलल्यावर आधी ‘मराठी’ म्हणा, दुभाष्या मागा. आणि काढलं त्या दिवसाची तारीख तिथल्या तिथे लिहून ठेवा.