हा ओंडका कुणाचा?

समुराई झाले, डबेवाले झाले, आयपीएलचे कॅप्टन झाले. मॅनेजमेंटचे फंडे आपण सगळ्यांकडून शिकून बसलोय. माझा गुरू जरा वेगळा आहे. तो हिरवा आहे, चौकोनी आहे आणि दर दोन मिनिटांनी ट्रकखाली येऊन मरतो.

'फ्रॉगर' हा गेम जपानच्या कोनामी कंपनीनं १९८१ साली आणला, म्हणजे माझ्या जन्माच्या बऱ्याच आधी. आधी त्याचं नाव 'हायवे क्रॉसिंग फ्रॉग' असं ठरत होतं. नशीब, बदललं. खेळायला फक्त जॉयस्टिक, गोळ्या झाडायला बटणसुद्धा नाही. खाली फुटपाथ, त्याच्यावर गाड्यांच्या पाच लेन, मध्ये जरा टेकायला एक पट्टी, मग नदी आणि नदीपलीकडे पाच घरं. पाच बेडूक पाच घरांत पोचवायचे. वरून घड्याळ चालूच. प्रत्येक पुढच्या उडीला दहा पॉइंट मिळतात, त्यामुळे नवखा माणूस हावरटासारखा पुढे पुढे उड्या मारतो आणि तिसऱ्या लेनमध्ये सपाट होतो.

पण खरी गंमत पट्टीच्या पलीकडे आहे. रस्त्यावरचा नियम सोपा: कशालाही शिवायचं नाही. गाडी आली तर थांबा, मागे या, फट दिसली की उडी मारा. नदीत शिरलात की नियम बरोबर उलटा होतो. पाण्यात पडलात तर मेलात. (बेडूक पाण्यात बुडून मरतो! हे डिझाईन पास कुणी केलं असेल?) आता जगायचं तर कशाला तरी चिकटायलाच हवं. लाकडाचे ओंडके आहेत, कासवं आहेत. त्यातली काही कासवं मध्येच पाण्याखाली जातात. पुढच्या लेव्हलला ओंडक्यांमध्ये मगरसुद्धा येते. आणि ओंडका जागेवर उभा नसतो. तुम्ही त्याच्यावर निवांत बसलात तर तो तुम्हाला स्क्रीनच्या कडेबाहेर घेऊन जातो. तोही मृत्यूच.

म्हणजे रस्त्यावर ज्या सवयीनं वाचलात, लांब राहणं आणि वाट बघणं, त्याच सवयीनं नदीत मरता.

आता आपलं ऑफिस आठवा. कुठल्याही प्रोजेक्टचा पहिला अर्धा भाग रस्ता असतो. बजेट, अप्रूव्हल, शेजारच्या टीमचे इगो, बॉसचा मूड. सगळ्यांना चुकवत, फट शोधत आपण पुढे सरकतो आणि त्यात आपण तयार असतो. दुसरा अर्धा भाग नदी. तिथे प्रिंटर दुसऱ्याचा, व्हेंडर दुसऱ्याचा, सही लीगलची, सर्व्हर आयटीचा. तुमचं काम आता दुसऱ्याच्या पाठीवर बसून चाललंय. आणि नेमकं इथे आपण काय म्हणतो? "माझ्या बाजूनं झालंय, मेल टाकलाय, आता त्यांच्याकडून यायचंय." हे वाक्य म्हणजे ओंडक्यावर बसून पाय हलवणं.

पुण्याची माझी एक मैत्रीण इव्हेंटमध्ये आहे. एका लाँचसाठी तिनं क्लायंटपासून पोलिस परवानगीपर्यंत सगळं दोन महिने आधी निभावलं होतं. बॅकड्रॉप छापणारा रोज फोनवर "झालंच मॅडम" म्हणत होता. तो सज्जन होता हो, खोटं बोलत नव्हता, त्याचं मशीनच बंद पडलं होतं. त्याला रागावून उपयोग नव्हता. कासव मुद्दाम बुडत नाही, त्याची बुडायची वेळ होते.

हा गेम जमिनीवर मांडलेला बघायचा असेल तर मुंबई-गोवा हायवेनं जा. माणगाव, लोणेरे मागे टाकलंत की महाडच्या अलीकडे दासगाव लागतं. एका बाजूला हायवे, दुसऱ्या बाजूला सावित्री. गणपतीला कोकणात जाणाऱ्यांनी हे नाव ट्रॅफिकच्या संदर्भात ऐकलं असेल. २५-२६ जुलै २००५ च्या पावसात, मुंबई बुडाली त्याच वेळी, इथे दरड कोसळून माणसं गेली. तेव्हा हे नाव बातम्यांत आलं होतं. एकेकाळी मात्र हे बंदर होतं. बाणकोटच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर होड्या इथवर यायच्या. १७५६ च्या करारात पेशव्यांकडून ईस्ट इंडिया कंपनीनं बाणकोटबरोबर दासगावही मागून घेतलं, यावरून त्याची किंमत कळावी.

याच हायवेवर, याच नदीवर, दोन कामांची तुलना करता येते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी आणि इतर गाड्या गेल्या, माणसं गेली. त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ ला खुला झाला. उलट याच हायवेचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि तारखा देत देत दहा वर्षांच्याही पुढे सरकत गेलं. सोशल मीडियावर लोक दोन्ही फोटो शेजारी लावून विचारतात, मग हे का जमत नाही? मला ही तुलना थोडी अन्यायाची वाटते. पूल म्हणजे एक जागा, एक उडी. हायवे म्हणजे जमीन कुणाची, झाडं कुणाची, कंत्राटदार कोण, असे ओळीनं ओंडके. अर्थात, ओंडके किती हे पहिल्या दिवशी माहीत असताना तारीख एका उडीची जाहीर करायची, याला माफी नाही.

आता बेडूक बाजूला ठेवू या, कारण पुढची गोष्ट खेळाची नाही. नियोजनाची आहे, आणि माझ्या मते कुठल्याही बी-स्कूलच्या केस स्टडीपेक्षा सरस आहे.

मार्च १९२७ मध्ये महाडला परिषद भरली आणि २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांबरोबर चवदार तळ्याचं पाणी प्यायलं, हे आपण शाळेत शिकलो. डिसेंबरात दुसरी परिषद ठरली, तेव्हा अख्खं गाव विरोधात होतं. अशा गावात हजारो माणसं न्यायची, राहू-जेवू घालायची. प्रत्येक गोष्ट दुसऱ्याच्या हातात. मांडवाला जागा कुणी देईना, शेवटी एका मुस्लिम गृहस्थानं दिली. महाडचे व्यापारी माल विकणार नाहीत हे गृहीत धरून धान्य-किराणा आधीच बाहेरून आणून ठेवला. अनंतराव चित्रे महिनोन् महिने याच खटपटीत होते.

आणि प्रवास? मोटारच्या रस्त्यानं जाता आलं असतं. पण बसवाले ऐन वेळी बहिष्कार टाकतील अशी धास्ती होती. म्हणून बोटीचा मार्ग घेतला. २४ डिसेंबरला मुंबईहून 'पद्मावती' बोट निघाली, हरिहरेश्वरला माणसं उतरली आणि तिथून छोट्या बोटीनं २५ तारखेच्या दुपारी दासगावला आली. दासगावच का? बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेल्या हकिकतीत कारण दिलंय: बस मिळाली नाही तरी तिथून महाड चालत गाठता येतं. अंतर पाच मैल.

हे कारण मी तीनदा वाचलं. आपण बॅकअप प्लॅन म्हणतो तेव्हा काय करतो? दुसरा व्हेंडर शोधतो, म्हणजे दुसरा ओंडका. इथे कुणीतरी नकाशा समोर घेऊन विचार केला होता, की या प्रवासात सगळ्यात बेभरवशाचा टप्पा कोणता, आणि तो फसला तर आपल्याच पायांनी पार होईल इतका छोटा कसा करता येईल? बस मिळवायची खटपट करण्याऐवजी बसची गरजच कापून टाकली. आणि झालंही तसंच, दासगावहून प्रतिनिधी रांगेनं, घोषणा देत महाडला चालत गेले.

मैत्रिणीला हे सांगितलं. तिनं आता तिच्या एक्सेल शीटमध्ये प्रत्येक कामापुढे एक जादा कॉलम टाकलाय: 'चालत?' बॅकड्रॉपपुढे उत्तर आलं, हो: मोठा छापील पडदा रद्द, प्रोजेक्टर ऑफिसचाच. केटरिंगपुढे अजून प्रश्नचिन्ह आहे. दीडशे माणसांचा स्वयंपाक ती स्वतः करणार नाही, तिच्या हातचा चहा प्यायलेल्यांना हे ठीकच वाटेल.

दासगावच्या धक्क्यावर त्या दुपारी आणखी एक गोष्ट घडली. बाबासाहेब उतरले तेव्हा पोलिस अधिकारी जिल्हाधिकाऱ्यांचं पत्र घेऊन उभा होता. १४ डिसेंबरलाच कोर्टानं तळ्यावर जायला तात्पुरती मनाई केली होती. बाकीचे चालत निघाले, बाबासाहेब भेटीसाठी पुढे गेले. इतकी तयारी, इतकी माणसं, आणि समोर कोर्टाचा कागद. त्या रात्री परिषदेत मनुस्मृती जाळली गेली. तळ्याचा सत्याग्रह मात्र परिषदेनं चर्चा करून लांबणीवर टाकला. जमलेल्या लोकांना ते पटवणं सोपं नव्हतं, ते तर लढायच्या तयारीनं आले होते. भांडण तळं अडवणाऱ्यांशी आहे, सरकारशी नव्हे, हे बाबासाहेबांना समजावून सांगावं लागलं. मग मोर्चा निघाला आणि लोक शिस्तीत गावी परतले.

खटला पुढे दहा वर्षं चालला. मुंबई हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ ला लागला. तळं सगळ्यांचं ठरलं.