घरातली सर्कस

मुलांनो, ईदच्या दिवशी तुमच्या हातात ईदीचे पैसे येतात. मग तुम्ही मेळ्यात जाता आणि आवडीचे खेळणे विकत घेता. खरे सांगा, ते खेळणे किती दिवस टिकते? चावीची मोटार दोन दिवस धावते. तिसऱ्या दिवशी तिचे चाक निघते आणि ते पुन्हा बसत नाही. मोटार आधी पलंगाखाली जाते, मग कचऱ्यात जाते. चूक तुमची नसते. दुरुस्त करता येईल असे ते खेळणे बनवलेलेच नसते.

आणखी एक गोष्ट आठवून पाहा. मोटार धावत होती तेव्हा तुम्ही काय करत होता? तुम्ही बसून बघत होता. म्हणजे खेळत होती ती मोटार! आज मोबाइलचेही तसेच झाले आहे. पडद्यावरचा माणूस उड्या मारतो आणि आपला फक्त अंगठा हलतो.

माझ्या मते चांगल्या खेळण्याच्या तीन खुणा आहेत. ते आपल्याला जागचे उठवते. ते घरातल्या सगळ्यांना खेळात ओढते. आणि ते मोडले, तर आपल्याच हातांनी नीट करता येते. अशी खेळणी कुठे मिळतात? ती सर्कशीत दिसतात आणि आपल्या घरात बनतात.

विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली मुंबईत आपल्या सर्कशीचा पहिला खेळ केला. भारतीय सर्कशीची सुरुवात तेव्हापासून मानतात. सर्कस म्हटली की मोठा तंबू आणि झगमगते दिवे डोळ्यांपुढे येतात. पण कसरत करणाऱ्यांच्या हातातले सामान नीट आठवा. चेंडू, काठी, दोरी, थाळी, बांबू. यातले बरेचसे आपल्या घरातही सापडते.

आता मी पाहिलेली एक गोष्ट सांगतो. मी मालेगावात राहतो. आमच्या शेजारी एक कुटुंब आहे. अब्बा यंत्रमागावर रात्रपाळी करतात. ते सकाळी घरी येतात तेव्हा मुले शाळेत निघालेली असतात. संध्याकाळी मुले घरी येतात तेव्हा अब्बांची कामावर जायची वेळ होते. एका घरात राहूनही बाप आणि मुलगा यांच्यात चार शब्दांपलीकडे बोलणे होत नसे.

एकदा त्या घरातल्या दादीने जुन्या पायजम्याच्या कापडाचे तीन छोटे चेंडू शिवले. आत वाळलेले चिंचोके भरले. मुलगा ते तिन्ही चेंडू एकदम उडवू लागला. साहजिकच तिन्ही खाली पडले. त्याची आपा स्वयंपाकघरातून बघत होती. ती म्हणाली, "आधी एकच उडव, घाई कशाला करतोस?" मग तिनेही हात धुऊन चेंडू घेतले. दादी लहानपणी सागरगोटे खेळत असे. वर उडवायचे, खालचे उचलायचे आणि वरचे झेलायचे, हे तिच्या हाताला ठाऊक होते. बसल्या बसल्या तिने दोन चेंडू एका हाताने झेलून दाखवले. मुले बघतच राहिली.

एका शुक्रवारी अब्बांना सुट्टी होती. मुलाच्या हातून एक चेंडू सुटला आणि अब्बांच्या दिशेने गेला. त्यांनी तो न बघताच झेलला. वर्षानुवर्षे चालत्या मागाशेजारी सुताच्या कांड्या बदलणारा तो हात होता! मुलगा ओरडला, "अब्बा, पुन्हा करा ना!" त्या दिवशी अब्बा अर्धा तास खेळले. त्यांच्या हातूनही चेंडू पडले आणि ते मोठ्याने हसले. वडिलांना असे हसताना मुलाने बऱ्याच दिवसांनी पाहिले. आता दर शुक्रवारी अब्बा विचारतात, "चेंडू कुठे आहेत?"

हे चेंडू तुम्हीही बनवा. जाड कापडाच्या दोन गोल चकत्या घ्या. कडेने बखिया घाला. थोडी जागा उघडी ठेवून उलटवा आणि चिंचोके भरा. पिशवी गच्च भरू नका, थोडी सैल ठेवा. म्हणजे ती हातात नीट बसते. चेंडू मोसंब्याएवढा असावा. खाण्याचे धान्य मात्र खेळात घालू नका. चेंडू उसवला तर लगेच शिवा, कारण चिंचोके लहान बाळाच्या तोंडात जाता कामा नयेत. असा चेंडू उसळत नाही आणि घरंगळतही नाही. पडेल तिथेच राहतो. म्हणून लहान खोलीतही खेळता येते.

खेळण्याची रीतही सोपी आहे. पलंगासमोर उभे राहा, म्हणजे पडलेला चेंडू उचलायला फार वाकावे लागणार नाही. आधी एक चेंडू डोळ्यांच्या उंचीपर्यंत उडवून एका हातातून दुसऱ्या हातात घ्या. मग दोन चेंडू घ्या. पहिला सगळ्यात वर पोचला की दुसरा सोडा. हे जमले की तिसरा घ्या. हातांकडे पाहू नका, चेंडू वर जातात तिथे पाहा.

चेंडूशिवाय इतर खेळही आहेत. एक लांब काठी तळहातावर उभी धरून पाहा. नजर काठीच्या वरच्या टोकावर ठेवा. मग पेन्सिल उभी धरून पाहा. तुम्हाला वाटेल, पेन्सिल लहान म्हणून सोपी. पण तसे नाही. लांब काठी सावकाश कलते, त्यामुळे हात सरकवायला वेळ मिळतो. पेन्सिल झटकन पडते. विज्ञानाचा हा धडा हाताने शिकता येतो.

नारळाच्या दोन करवंट्या घ्या. त्यांच्या डोळ्यातून दोरी ओवून आत गाठ मारा. करवंट्या पालथ्या ठेवा, त्यांवर उभे राहा आणि दोऱ्या हातात ओढून धरा. झाली चालायची सर्कस! थोडे मोठे झालात की बांबूच्या गेड्या करा. छत्तीसगडात हरेलीच्या सणाला मुले गेड्यांवर चढून चालतात. सुरुवातीला पाय ठेवायची जागा जमिनीपासून एक वीतच उंच असावी. आपण घरी ज्याला लट्टू म्हणतो तो मराठीतला भोवरा आणि आपली गुल्ली म्हणजे मराठीतली विटी. ही खेळणीही याच घराण्यातली आहेत.

काही मोठी माणसे म्हणतील, "खेळून काय मिळणार? अभ्यास करा." त्यांना आदराने एक गोष्ट सांगा. २००४ साली जर्मनीतल्या संशोधकांनी काही माणसांना तीन चेंडू उडवायला शिकवले. तीन महिन्यांनी त्यांच्या मेंदूचे चित्र काढले. हलत्या वस्तू पाहण्याचे काम करणाऱ्या भागात वाढ झालेली दिसली. सराव थांबवल्यावर ती वाढ पुन्हा कमी झाली. म्हणजे खेळाचा परिणाम मेंदूवरही होतो, पण सराव सोडून चालत नाही. अभ्यासाचेही असेच आहे, नाही का?

आणखी कोणी म्हणेल, "मुलींनी असे खेळ कशाला खेळायचे?" इजिप्तमध्ये बेनी हसन नावाच्या ठिकाणी सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या कबरी आहेत. तिथल्या भिंतीवर चेंडू उडवून झेलणाऱ्या स्त्रियांची चित्रे आहेत. आपल्याकडे सागरगोट्यांचा खेळ तर मुलींनीच जपला. म्हणून भावांनो, आपाच्या हातातले काम थोडा वेळ तुम्ही घ्या आणि चेंडू तिच्या हातात द्या. ती भांडी घासत असेल आणि तुम्ही खेळत असाल, तर ती घरची सर्कस नव्हे. ते फक्त तुमचे मनोरंजन.

विकतची सगळीच खेळणी वाईट असतात, असे मी म्हणत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी आणि कर्नाटकातील चन्नपट्टण ही गावे लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहेत. चन्नपट्टणचा कारागीर लाकूड चरकावर फिरवतो आणि त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतो. घासण्याच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. असा लाकडी भोवरा एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातो, तरी त्याचे काही बिघडत नाही. ईदीतून काही घ्यायचेच असेल, तर असे घ्या. त्यात एका कारागिराचे पोटही भरते.

शेवटी एक गंभीर गोष्ट सांगतो. एके काळी लहान मुलांना सर्कशीत कामाला ठेवत. त्यांची शाळा सुटे, घर सुटे. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यास मनाई करण्याचा आदेश दिला. हे फार चांगले झाले. कसरत वाईट नव्हती, पण तिच्यामागची भीती आणि सक्ती वाईट होती. म्हणून घरच्या सर्कशीत एक नियम ठेवा. जो पडेल त्याला कोणी रागावणार नाही आणि ज्याला जमणार नाही त्याला कोणी चिडवणार नाही. काच, सुरी आणि आग यांना या सर्कशीत जागा नाही.

मुलांनो, चेंडू शंभर वेळा पडेल, तुम्ही तो एकशे एक वेळा उचला. कापड फाटेल, तुम्ही ते शिवा. घरातले कोणी दूर बसले असेल, तर एक चेंडू हळूच त्यांच्याकडे टाका. बहुतेक वेळा तो झेलला जातो.