दाखला हाती आल्यावर

कुलवृत्तांताच्या कामात मृत्यूची नोंद हा नेहमीच कच्चा दुवा राहिला आहे. आपल्या घरांत श्राद्धपक्षामुळे तिथी टिकते. पणजोबा भाद्रपद वद्य पंचमीला गेले हे चौथ्या पिढीतल्या सुनेलाही ठाऊक असते. पण साल विचारले की 'प्लेगच्या आगेमागे' एवढ्यावर भागवावे लागते. त्यामुळे घराण्याची एखादी शाखा अमेरिकेत गेलेली असली की संकलकाला हायसे वाटते. तिथे रीतसर दाखला मिळतो. त्यावर तारीख, वेळ, कारण, आईवडिलांची नावे, सगळे काही असते. तो हाती आला की शाखा पुरी झाली असे मानून पाने छापखान्यात जातात. ही घाई थांबावी, म्हणून हा महिना या विषयाला दिला आहे.

मुळात दाखला कुठे मागायचा इथपासूनच गफलत होते. अमेरिकेत मृत्यूची नोंद हे राज्यांचे काम आहे आणि प्रत्येक राज्याने ते आपापल्या वेळी सुरू केले. मॅसॅच्युसेट्सने 1841मध्ये, कॅलिफोर्नियाने 1905मध्ये, पेनसिल्व्हेनियाने 1906मध्ये, जॉर्जियाने तर 1919मध्ये. टेक्सास 1933मध्ये सामील झाले तेव्हा कुठे सगळी राज्ये संघराज्याच्या मृत्यू-नोंदणीत आली. राज्याने नोंद सुरू करण्याआधीचे जे काही असेल ते काउंटीच्या, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या घटकाच्या, दप्तरात. तेही सगळीकडे नाही. पेनसिल्व्हेनियात 1893 ते 1905 या काळातल्या नोंदी काउंटीच्या न्यायालयातल्या वहीत सापडतात. न्यूयॉर्क राज्यात मात्र काउंटीच्या कचेरीत जाऊन उपयोग नाही, तिथे नोंद गावाच्या किंवा शहराच्या निबंधकाकडे होते. अर्ज करण्याआधी त्या राज्यात त्या वर्षी हे काम कोणाकडे होते ते पाहावे. हे पाहण्यात एक दुपार जाते आणि पुढचे काही महिने वाचतात.

एका ग्रामीण काउंटीचे उदाहरण घेऊ. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेला लागून इम्पीरियल काउंटी आहे. कोलोरॅडो नदीचे पाणी कालव्याने आणून ओलिताखाली आणलेले हे वाळवंट. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत पंजाबी शेतकरी तिथे आले, कापूस पिकवू लागले आणि त्यांतल्या अनेकांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्ने केली. कॅरन लेनर्ड यांनी 1992च्या आपल्या पुस्तकात या कुटुंबांचा इतिहास मांडला, तो बराचसा काउंटीच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी आणि घरोघरच्या मुलाखती यांवर उभा आहे. हिंदुस्थानी माणसाची नोंद परक्या मुलखात कशी सांडते आणि कशी सापडते, हे शिकायला याहून चांगला प्रदेश मला माहीत नाही.

पहिला अडसर सरहद्दीचा. इम्पीरियल काउंटी 1907मध्ये सॅन डिएगो काउंटीतून वेगळी झाली. म्हणजे 1906 साली त्याच खोऱ्यात, त्याच घरात वारलेल्या माणसाची नोंद सॅन डिएगोच्या वहीत शोधावी लागते. शिवाय नोंद राहत्या गावी होत नाही, मृत्यू जिथे झाला तिथे होते. खेड्यातला आजारी माणूस मोठ्या शहरातल्या इस्पितळात नेला आणि तिथे दगावला, तर दाखला त्या शहराच्या काउंटीचा. सीमेवरच्या मुलखात हा शोध कधी ॲरिझोनातल्या युमाला, कधी पलीकडे मेक्सिकोतल्या मेहिकालीपर्यंत न्यावा लागतो.

दुसरा अडसर नावाचा. 1920 ते 1940च्या जनगणनांत हिंदुस्थानातून आलेल्या सगळ्यांचा वंश 'हिंदू' असा लिहिला जाई. इथले बहुतेक पंजाबी तर शीख किंवा मुसलमान होते. 'सिंग' हे उपनाव मानून अनुक्रमणिका लावल्या की एकाच पानावर डझनभर सिंग येतात आणि त्यात चिनी नावेही मिसळतात. आपल्या जोशी-कुलकर्ण्यांचे हाल याहून वेगळे नसतात. 1940 ते 1997च्या कॅलिफोर्निया मृत्यू-सूचीत आईचे माहेरचे आडनाव आहे, ही मोठी सोय. पण ते आडनाव लिहिले कोणी?

हाच प्रश्न मला प्रत्येक संकलकाच्या मनात रुजवायचा आहे. मृत्यूचा दाखला एकच कागद दिसतो, पण त्यावर तीन वेगवेगळे साक्षीदार बोलतात. मृत्यूची तारीख आणि कारण डॉक्टर लिहितो. दहन की दफन, कुठे, कधी, हे अंत्यविधी करणाऱ्या संस्थेकडून येते. जन्मतारीख, जन्मगाव आणि आईवडिलांची नावे मात्र 'माहिती देणारा' सांगतो. तो मुलगा असेल, शेजारी असेल, शेतातला भागीदार असेल. जिने पंजाब कधी पाहिला नाही अशा मेक्सिकन बायकोला सासूचे माहेर विचारले तर ती काय सांगणार? म्हणून माहिती देणाऱ्याचे नाव आणि नाते आधी वाचावे, मगच वरचे रकाने. डॉक्टरने लिहिलेली मृत्यूची तारीख मी सहसा स्वीकारतो. जन्माचे साल दुसऱ्या कागदाशी ताडल्याशिवाय स्वीकारत नाही.

दगडावरची नोंद तर याहून जपून वाचावी. डॉ. आनंदीबाई जोशी यांची स्मृतिशिला न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सीच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आहे. त्या गेल्या पुण्यात, 26 फेब्रुवारी 1887 रोजी. रक्षा नंतर त्यांच्या अमेरिकेतल्या यजमान थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवली गेली. केवळ शिला पाहून कोणी त्या गावाच्या निबंधकाकडे मृत्यूचा दाखला मागेल, तर त्याला 'नोंद नाही' असेच उत्तर मिळेल, आणि ते उत्तर बरोबर असेल.

आता निधनवार्ता. खेड्यातल्या साप्ताहिकांची निधनवार्ता ही आपल्या धंद्यातली सर्वांत कमी वापरलेली खाण आहे. तिच्यात मागे राहिलेल्यांची यादी असते, मुलींची सासरची नावे असतात, भाऊ कोणत्या गावी आहे तेही असते. काही दिवसांनी घरच्यांची आभाराची छोटी जाहिरात येते. तीही चुकवू नये. इम्पीरियल काउंटीतल्या एल सेंट्रोच्या 'इम्पीरियल व्हॅली प्रेस'चे जुने अंक लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या 'क्रॉनिकलिंग अमेरिका' संग्रहात फुकट वाचता येतात. यंत्राने वाचलेला मजकूर अशा नावांत हमखास चुकतो, म्हणून नाव न घालता गाव, शेताचा रस्ता किंवा अंत्यविधी संस्थेचे नाव घालून शोधावे. बाई असेल तर नवऱ्याच्या नावाने. जे अंक अजून चढवलेले नाहीत, ते गावच्या वाचनालयात मायक्रोफिल्मवर असतात, आणि तिथल्या ग्रंथपालांना नेमकी तारीख कळवली तर ते बहुधा आनंदाने मदत करतात.

1965च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेत गेलेल्या आपल्या माणसांच्या बाबतीत ही निधनवार्ता फार उपयोगी आहे. त्यांतले कित्येक डॉक्टर लहान गावांत स्थिरावले. अशा डॉक्टरवर गावचे पत्र जेवढे लिहिते, तेवढे आपल्या कुलवृत्तांतात दोन ओळींत उरकलेले असते.

अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा योजनेच्या मृत्यू-सूचीवर भिस्त ठेवणाऱ्यांना एक सूचना. तिच्यातल्या नोंदी मुख्यतः 1962नंतरच्या आहेत, आणि शेतमजूर व शेतकरी त्या योजनेत 1950च्या दशकात आले. त्याआधी वारलेला शेतकरी तिथे नसला तर त्यावरून काहीही अनुमान काढू नये.

मृत्यूचे कारण दाखल्यावर असते म्हणून ते छापण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. घरच्यांनी सांगितल्याशिवाय ते छापू नये, आणि निधनवार्तेतल्या हयात माणसांची गावे व नावे त्यांना विचारूनच घ्यावीत. याबाबत मी सवलत द्यायला तयार नाही.

ज्यांचे कुलवृत्तांत अजून छापखान्यात गेलेले नाहीत, त्यांनी अमेरिकेतल्या शाखांची पाने एकदा परत काढावीत. प्रत्येक मृत्यूच्या तारखेपुढे दाखला, निधनवार्ता, शिला की घरची आठवण, यांतला आधार कोणता ते लिहावे, दाखला असेल तर माहिती देणाऱ्याचे नातेही नोंदवावे, आणि मगच पाने पुढे पाठवावीत.