अंगणातले तण आणि पंप मारणारे हात

मृगाचा पाऊस पडून गेला की पंधरा दिवसांत अंगण हिरवे होते. बंगल्याची बाग असो, सोसायटीचे लॉन असो की विहाराचे आवार, लव्हाळा, हरळी आणि गाजर गवत सगळीकडे डोके वर काढते. मग कोणीतरी कृषी केंद्रातून तणनाशकाची बाटली आणतो आणि रोजंदारीच्या माणसाच्या पाठीवर पंप देतो. आमचे म्हणणे सरळ आहे. घराच्या बागेत तणनाशकाचे काही काम नाही.

आपल्यातले कित्येकजण शिकले, नोकरीला लागले, घरापुढे हिरवळ आली. आनंदच आहे. पण त्या हिरवळीवर पंप मारणारा कोण असतो? बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतला. पायात स्लीपर, तोंडाला रुमाल, हात उघडे. तो दुपारी त्याच हातांनी भाकर खातो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलो का? ती कीटकनाशके होती, तणनाशके नव्हेत, हे खरे. पण पंप तोच आणि उघडे हातही तेच. आणि याला आपण ‘औषध’ म्हणतो! आम्ही नर्सिंग शिकलो तेव्हा औषध म्हणजे माणसाला बरे करणारे, एवढेच शिकलो होतो. विषाला विष म्हणायला लागलो तरी अर्धी काळजी आपोआप घेतली जाईल.

पॅराक्वाट नावाचे तणनाशक पोटात गेले तर त्यावर उतारा नाही. आधी तोंड, घसा भाजतो, मग मूत्रपिंडे आणि फुप्फुसे निकामी होत जातात. दम लागला म्हणून ऑक्सिजन लावावा तर फुप्फुसांची हानी वाढते. कातडीवर जखम असेल तर तिथूनही ते अंगात शिरते. ग्लायफोसेट त्यामानाने सौम्य म्हणून खपते. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१५ मध्ये त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकले, आणि २०२२ मध्ये केंद्र सरकारने ते फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांकडूनच वापरावे अशी अधिसूचना काढली. म्हणजे घरमालकाने बाटली आणून कोणाच्याही हाती द्यावी, ही गोष्ट सरकारलाही मान्य नाही.

मग तणाचे करायचे काय? गाजर गवत तर काढलेच पाहिजे. त्याने अंगाला खाज सुटते, चट्टे उठतात, आणि त्याच्या परागांनी सर्दी-दमा बळावतो. एकेक झाड हजारो बी टाकते, म्हणून पांढरे फूल दिसण्याआधीच, पाऊस पडून माती ओली असताना, मुळासकट उपटावे. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. दमा किंवा त्वचेची ॲलर्जी असलेल्यांनी या कामाला हात लावू नये. फुले आली नसतील तर कंपोस्टच्या खड्ड्यात टाकता येते. मोकळ्या जागेत टाकळा वाढू दिला तर गाजर गवताला जागा कमी मिळते. मेक्सिकन भुंगा दिसला तर मारू नका, तो हेच गवत खातो.

लव्हाळा मात्र चिवट. खुरप्याने वरवर कापला की खालच्या गाठीतून पुन्हा फुटतो. कुदळीने खणून गाठी वेचाव्या लागतात, आणि राहिलेल्या गाठींना पाने फुटली की दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. एका पावसाळ्यात तो संपत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. वाफ्यांत चार बोटे जाड पालापाचोळा अंथरला तर नवे तण फारसे उगवत नाही. फरशीच्या फटींत उकळते पाणी ओतले की पुरते, पण मीठ टाकू नका, माती नासते. लॉन अगदी मुळापर्यंत कापू नये, टक्कल पडलेल्या जागीच तण घुसते. घोळ, तांदुळजा, कुर्डू यांना तर तण म्हणणेच चूक. फवारणी नसलेल्या जागेतली ही भाजी ताटात घ्यावी.

कोणी म्हणेल, तणनाशकाने बायांचे वाकून निंदणे वाचते. शेतात या बोलण्यात थोडे तथ्य आहे, कंबर-गुडघे आमच्याही बायांचे गेले आहेत. पण घरची बाग किती, एक-दोन गुंठे. घरातल्या सगळ्यांनी, पुरुषांनीसुद्धा, रविवारी तासभर बसावे. बाई लावायची तर पूर्ण रोज द्या, हातमोजे द्या, बसायला पाट द्या, आणि चहा घरातल्याच कपात द्या. विहार समित्यांनी वर्षावासाआधीची साफसफाई अशीच करावी, पंप आणू नये.

घरात आधीची बाटली पडून असेल तर ती कुलपात ठेवा. कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवू नका, पोरे तोंडाला लावतात. कोणाच्या अंगावर सांडलेच तर कपडे काढून साबणाने निदान पंधरा मिनिटे धुवा. पोटात गेले असेल तर उलटी करवू नका, मिठाचे पाणी पाजू नका. माणसाला लगेच सरकारी रुग्णालयात न्या आणि लेबल असलेली बाटली सोबत घ्या, म्हणजे नेमके कोणते विष आहे हे डॉक्टरांना पहिल्याच मिनिटाला कळेल.